चोरीसच्या माळेतून तेल गळतंय? जात बदलण्याआधी बादली बघा

एप्रिल उजाडला की गोव्यातल्या चोरीसवाल्यांची, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज करणाऱ्यांची, घाई सुरू होते. पावसाळ्याच्या बेगमीच्या माळा मे संपायच्या आत वाळून, धुरावून तयार पाहिजेत. दोडामार्गाच्या अलीकडे माझा लहानसा गोठा आहे, चाळीसेक डुकरं असतात, आणि त्यातली निम्मी याच दोन महिन्यांत जातात. माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोनही गेली तीन वर्षं नेमका याच दिवसांत येत होता. "माळेखाली वर्तमानपत्र घातलंय, ते सकाळी तुपात भिजवल्यासारखं होतं. आणि तीन आठवड्यांत माळ खवट."

पहिल्या वर्षी मी मिठावर ढकललं, दुसऱ्या वर्षी उन्हावर. मग त्याने सांगून टाकलं, "तुमची ही गोरी डुकरंच वाईट. पूर्वी काळं डुक्कर घ्यायचो तेव्हा असं नव्हतं." माझ्याकडे तेव्हा लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि लँड्रेसच्या संकराची जनावरं होती. मलाही ते पटलं, आणि चार पैसे साठवून मी ड्युरॉक जातीचा नर आणला. पुढच्या हंगामात त्याची पिल्लं तयार झाली, विकली, आणि फोन आला. तीच तक्रार, तेच वर्तमानपत्र.

उलगडा झाला तो शेजाऱ्यामुळे. एकाच वेताची अकरा पिल्लं होती, त्यातली तीन त्याने लहानपणीच नेली होती. काजूची बाग आहे त्याची. त्याने ती कणीच्या पेजेवर, हंगामात काजूच्या बोंडांवर आणि उकडलेल्या आठळ्यांवर वाढवली. माझं एक आणि त्याचं एक डुक्कर एकाच दिवशी कापलं गेलं. दोन्हींच्या पाठीच्या चरबीच्या पट्ट्या रात्रभर फ्रीजमध्ये ठेवल्या. सकाळी त्याची पट्टी पांढरी, टणक, सुरी लावली की कड स्वच्छ. माझी बोटाखाली दबत होती, सुरीला चिकटत होती. आई तीच, बाप तोच. शेजारी हसला, "डुकर तुझोच, खाणा मात्र माझा."

म्हणून ज्यांना ही तक्रार दरवर्षी ऐकावी लागते त्यांच्यासाठी सांगतो. पोर्क खराब आलं की आपण पहिला आळ जातीवर घालतो, कारण जात डोळ्यांना दिसते. खाण्याच्या बादलीतलं काही दिसत नाही.

आधी तक्रार नेमकी कोणती, ते ठरवा

"मांस बरं नाही" हे वाक्य निरुपयोगी आहे. गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारा: चरबी मऊ आहे का, मांसाला पाणी सुटतं का, की शिजवताना वास येतो? तिन्हींची कारणं वेगळी, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. माझी तीन वर्षं हेच न विचारल्यामुळे गेली.

चरबीसाठी पाठीची पट्टी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून अंगठ्याने दाबा. पोटाचा अख्खा पट्टा मिळाला तर थंड करून काठीवर मधोमध टाका: घट्ट चरबीचा पट्टा आडवा राहायला बघतो, मऊ चरबीचा ओल्या टॉवेलसारखा दोन्हीकडे लोंबतो. पाण्यासाठी पाठीच्या मांसाचा १०० ग्रॅमचा चरबी काढलेला तुकडा दोऱ्याने पिशवीत असा टांगा की पिशवीला टेकणार नाही. फ्रीजमध्ये ४८ तास ठेवून परत वजन करा. २ ते ४ ग्रॅम घटलं तर ठीक, ५ ग्रॅमच्या वर गेलं तर गडबड आहे. वासासाठी चरबीचा तुकडा कोरड्या तव्यावर टाकून हुंगा, पण एकट्याने नको. का ते पुढे सांगतो.

मऊ चरबी: कोंड्यातलं तेल

गाय-म्हशीने तेलकट पेंड खाल्ली तरी त्यांच्या पहिल्या पोटातले जिवाणू त्या तेलाचं बरंचसं घट्टीकरण करतात. डालड्याच्या कारखान्यात होतं त्यातलाच प्रकार. डुकराचं पोट एकच, आपल्यासारखं. त्याने खाल्लेलं तेल जसंच्या तसं पचतं आणि जवळजवळ त्याच रूपात चरबीत जाऊन बसतं. याउलट कणी, भरडा, आठळ्या असलं पिठूळ खाणं दिलं तर त्यातून डुक्कर स्वतःची चरबी बनवतं, आणि ती घट्ट असते. त्यातही गंमत अशी की खाण्यात तेल वाढलं की स्वतःची चरबी बनवण्याचं काम ते कमी करतं. म्हणजे नुकसान दुहेरी.

मी काय देत होतो? गिरणीचा कोंडा. आमच्याकडे भाताच्या गिरण्यांची पॉलिश स्वस्त मिळते, आणि डुकरं आवडीने खातात. माझ्या खाद्यात ती निम्मी होती. दुकानात राइस ब्रान तेलाच्या बाटल्या मिळतात ते तेल याच कोंड्यातलं, हे माहीत असूनही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. कच्च्या पॉलिशमध्ये साधारण १५ ते २० टक्के तेल असतं. दिवसाला अडीच किलो खाद्य, त्यात सव्वा किलो कोंडा, म्हणजे प्रत्येक डुकराला मी रोज दोनशे ग्रॅमच्या आसपास पातळ तेल चारत होतो. वर आठवड्यातून तीनदा हॉटेलचं खरकटं, त्यात तळणीचं तेल वेगळंच.

या तेलात लिनोलिक आम्ल हा पातळ घटक भरपूर असतो. पाठीच्या चरबीत तो १५ टक्क्यांच्या वर गेला की चरबी मऊ समजतात. आणि नुसती मऊ नाही, ती हवेत लवकर खवटते. ताजं मांस दोन दिवसांत रश्शात गेलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चोरीस महिना-महिना टांगलेली असते, म्हणून ती चुगली करते. माझं ताजं मांस घेणाऱ्या एकाही खानावळवाल्याने कधी तक्रार केली नव्हती, आणि मी त्यांच्या जोरावर चोरीसवाल्याशी भांडत होतो!

हे दुखणं काही आपलंच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत भुईमुगाच्या रानात डुकरं सोडायची रीत होती. त्या डुकरांच्या तेलकट, मऊ मांसाला खाटीकखाने कमी भाव देत, आणि १९२०च्या दशकात तिथल्या कृषी खात्याने यावर बराच अभ्यास केला. निष्कर्ष शेजाऱ्याच्याच वाक्याचा: जनावर खातं ते तेल चरबीत उतरतं. भुईमूग, तेल न काढलेलं सोयाबीन, कच्ची पॉलिश, तळणीचं तेल, मासळीची डोकी-आतडी, सगळे एकाच माळेचे मणी.

मग गोऱ्या डुकरांवरचा आरोप साफ खोटा? नाही, आणि इथेच मला सगळ्यात जास्त वेळ लागला. यॉर्कशायर आणि लँड्रेस या जाती कमी चरबीसाठी पिढ्यान् पिढ्या निवडत आणलेल्या आहेत. त्यांच्या पाठीवर चरबीचा थर मुळात पातळ. बादलीतून येणारं तेल तेवढंच, पण त्यात मिसळायला स्वतःची घट्ट चरबी थोडी. तेच खरकटं काळ्या गावठी डुकराला दिलं तर ते सावकाश वाढतं, स्वतःची चरबी भरपूर बनवतं, आणि तेल त्यात विरून जातं. म्हणून गिऱ्हाइकाला काळं डुक्कर चांगलं लागायचं. त्याचं निरीक्षण बरोबर होतं, कारण चुकीचं होतं. गोऱ्या डुकराला योग्य खाणं दिलं की तेही घट्ट चरबी देतं. मात्र त्याला चूक पचत नाही.

काय बदललं

संपूर्ण आयुष्य बदलायची गरज नाही. विक्रीआधीचे शेवटचे ६० दिवस धरा. त्याआधी कोंडा खाऊ दे, वाढीला तो वाईट नाही. शेवटच्या दोन महिन्यांत मी १०० किलोला असं मिसळतो: मक्याचा भरडा ४० किलो, तांदळाची कणी २०, तेल काढलेला कोंडा साधारण २०, सोयाबीनची ढेप १७, खनिज मिश्रण २, आणि मीठ अर्धा किलो. उरलेला अर्धा किलो कोंड्यातच धरायचा. कोंडा घेताना दुकानदाराला "तेल काढलेला" असं बजावून सांगा. दिसायला कच्च्या पॉलिशसारखाच, पण मुठीत दाबला तर गोळा होत नाही, हाताला तेलकटपणा लागत नाही. ढेपही तेल काढलेलीच. घाण्यावरची पेंड घेतली तर तिच्यात तेल राहिलेलं असतं.

काहींचा मक्यावर राग असतो, पिवळ्या मक्याने चरबी पिवळी होते म्हणून. गाईत ते होतं, डुकरात नाही. मक्यातही थोडं तेल असतं, म्हणून चरबी आणखी घट्ट हवी असेल तर मका कमी करून कणी वाढवा.

पहिल्या खेपेत फरक अर्धामुर्धाच दिसेल. आधी साठलेली चरबी कुठे जात नाही, तिच्यावर नवी घट्ट चरबी चढते एवढंच. माझ्या पहिल्या खेपेतल्या जनावरांना पस्तीसच दिवस मिळाले होते, त्यांची पट्टी "बरी" या सदरात होती. पूर्ण साठ दिवस मिळालेली दुसरी खेप टणक आली.

खर्च वाढतो, हे उघड आहे. कच्चा कोंडा आणि खरकटं यांच्याशी स्पर्धा करेल असं खाद्य जगात नाही. पण मी सगळ्या डुकरांना हे देत नाही. चोरीसवाल्यांच्या डुकरांची कोंडी, म्हणजे बंदिस्त आवार, वेगळी, खानावळवाल्यांची वेगळी.

एक आडवळण. मऊ चरबी म्हणजे नेहमी दोषच, असंही नाही. स्पेनमध्ये इबेरिको डुकरं हिवाळ्यात ओकच्या रानात सोडतात, ती तिथली फळं खाऊन पुष्ट होतात, आणि त्यांच्या हॅमची, म्हणजे सुकवलेल्या मांडीची, चरबी खोलीच्या उबेतही बोटावर वितळते. तरी ती वर्षानुवर्षं टांगलेली टिकते, कारण ओकच्या फळात ओलिक आम्लाचं प्रमाण मोठं आहे, आणि ते लिनोलिकसारखं चटकन खवटत नाही. तिथे २०१४च्या नियमाने हॅमला रंगीत पट्टी लावतात. काळी पट्टी म्हणजे शंभर टक्के इबेरिको आणि ओकची फळं खाल्लेलं. लाल म्हणजे खाणं तेच, पण जनावर संकरित. हिरवी आणि पांढरी म्हणजे धान्यावर वाढलेलं. जात आणि खाणं दोन्ही एकाच पट्टीवर, वेगवेगळं सांगून टाकलेलं. आपल्याकडे "गावठी आहे साहेब" एवढ्यावर व्यवहार होतो.

पाणी सुटणारं, फिकं मांस: शेवटचा दिवस

याचा बादलीशी फारसा संबंध नाही. डुक्कर घाबरलं, धावलं, भांडलं आणि लगेच कापलं गेलं की स्नायूतल्या साखरेचं आम्ल झपाट्याने होतं. तेव्हा मांस अजून गरम असतं. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की मांसातली प्रथिनं पाणी धरून ठेवत नाहीत. तुकडा फिका, लिबलिबीत, ताटात पाणी सोडणारा. चांगल्या मांसाचा सामू (pH, आम्लतेचं माप; जितका खाली तितकं आम्ल जास्त) चोवीस तासांत हळूहळू ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. बिघडलेल्या मांसात तो पाऊण तासातच ६च्या खाली जातो.

मी भर दुपारी टेंपो भरायचो, दोन कोंडींतली डुकरं एकत्र. अनोळखी डुकरं एकत्र आली की वाटेत मारामारी ठरलेली. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, तेव्हा मे महिन्यातला पत्र्याचा टेंपो त्याला भट्टीच. आता पहाटे भरतो, एका कोंडीतलीच, काठीऐवजी प्लायवूडची फळी आडवी धरून ढकलत. अंगावर पाणी मारतो. आदल्या संध्याकाळनंतर खाणं बंद, पाणी मात्र चालू. पोचल्यावर दोन-तीन तास सावलीत निवांत पडू द्यायचं, हे कत्तलखान्यात आधी बोलून ठेवतो. मांस लवकर थंड झालं पाहिजे, हा अर्धा उपाय माझ्या हातात नाही.

उलटही होतं. रात्रभर भांडून, उपाशी राहून थकलेल्या डुकराची साखर आधीच संपलेली असते. त्याचं मांस काळपट, चिकट होतं आणि लवकर नासतं. तेव्हा "अजून थोडा आराम" म्हणून अठ्ठेचाळीस तास उपाशी ठेवू नका.

इथे जातीचा वाटा मात्र खरा आहे. पिएट्रेन जातीत आणि लँड्रेसच्या काही वंशांत, विशेषतः बेल्जियमच्या, एक जनुकीय दोष आढळतो. असं डुक्कर ताणाने थरथरतं, ताठरतं, कधी टेंपोतच मरतं, आणि मांस हमखास पाणचट. पूर्वी पिल्लांना हॅलोथेन हा भुलीचा वायू हुंगवून बघत. ज्याचे पाय ताठरतील ते दोषी. १९९१ मध्ये नेमका जनुक सापडला, आणि आता रक्ताच्या तपासणीत कळतं. एकच डुक्कर वाटेत मेलं तर उन्हावर ढकला. एकाच नराची पिल्लं दरवेळी अशी वागत असतील तर नर बदला. हॅम्पशायर जातीत वेगळाच एक जनुक आहे: स्नायूत साखर जास्त साठते, सामू नेहमीपेक्षा खाली जातो, आणि शिजवलेल्या हॅमचं वजन घटतं. चोरीससाठी मला तो त्रास जाणवलेला नाही.

वास

तव्यावर चरबी टाका आणि घरातल्या तिघाचौघांना बोलवा. खच्ची न केलेल्या नराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन नावाचा पदार्थ साठतो, घामट-मुतरट वासाचा. गंमत अशी की काही माणसांच्या नाकाला तो जन्मतःच कळत नाही. मी त्यातलाच. गिऱ्हाईक नाक मुरडायचं आणि मला वाटायचं की भाव पाडायला नाटक करतंय. बायकोने एकदा हुंगून तवाच परसात नेऊन ठेवला.

वास नराच्याच मांसाला येत असेल तर उपाय सरळ आहे: पिल्लं दोन-तीन आठवड्यांची असताना पशुवैद्याकडून खच्ची करून घ्या. म्हातारा नर विकायचा असेल तर खच्ची करून निदान दोन महिने थांबा. नर-मादी दोघांनाही वास येत असेल, आणि तो शेणाचा किंवा डांबरगोळीसारखा असेल, तर तो स्कॅटोल. आतड्यात जिवाणू तो तयार करतात, आणि घाणीत लोळणाऱ्या डुकरात तो वाढतो. जमीन कोरडी ठेवा, उन्हाळ्यात फवारा द्या म्हणजे ती गारव्यासाठी शेणात लोळणार नाहीत.

मासळीचा किंवा जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर बांगड्या-तारल्याची डोकी-आतडी बंद करा, विक्रीआधी निदान महिनाभर. माशाचं तेल फार खाल्लेल्या डुकराची चरबी पिवळी-तपकिरीही पडते. पण चरबीबरोबर डोळ्यांचा पांढरा भाग आणि स्नायूंची टोकंही पिवळी दिसली तर ती कावीळ. बुरशी आलेल्या मक्यानेही यकृत जाऊन असं होतं. ते मांस विकू नका, पशुवैद्याला दाखवा.

खरकट्याबद्दल एवढंच. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग आसाम-अरुणाचलात आला, आणि डुकराचं मांस मिसळलेलं कच्चं खरकटं हा तो पसरण्याचा राजमार्ग आहे. द्यायचंच असेल तर ९० अंशांवर तासभर ढवळत उकळा, गार करा, वरचा तेलाचा तवंग काढून टाका. शेवटचे दोन महिने तेही नको.

मग जात बदलायची कधी?

ड्युरॉक आणला त्याचा पश्चात्ताप नाही. त्याच्या पिल्लांच्या मांसात चरबीचे बारीक धागे जास्त दिसतात, आणि पणजीतला एक स्वयंपाकी चॉप्ससाठी तीच मागून घेतो. बर्कशायरचीही ख्याती तीच, जपानात तिला काळं डुक्कर म्हणून मान आहे. पण मांसातले धागे वेगळे आणि पाठीची घट्ट चरबी वेगळी. चोरीसवाल्याला दुसरी हवी असते.

गावठीच हवं म्हणणाऱ्यांसाठी: काणकोणातल्या आगोंद गावाच्या नावाने गोव्याचं काळं डुक्कर "आगोंदा गोवन" म्हणून करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंदलेलं आहे. काटक, आमच्या हवेला मुरलेलं, पण वाढीला वेळ घेणारं. ते पाळायचं तर बंदिस्त पाळा. मोकाट डुक्कर माणसाची विष्ठा खातं, आणि मांसात पट्टकृमीचे साबुदाण्यासारखे दाणे पडतात. ते मांस जातिवंत गावठी असलं तरी फेकायचंच.

या हंगामात वर्तमानपत्राचा फोन आला नाही. एक मात्र आला, एकाच माळेबद्दल. कानातले बिल्ले जुळवून बघितले तर ते डुक्कर घराला लागून असलेल्या कोंडीतलं निघालं. मार्चमध्ये पुतण्याचं लग्न झालं. त्यातलं तळणीचं उरलेलं तेल काकांनी पंधरा दिवस रोज थोडं थोडं बादलीत ओतलं होतं, "वाया कशाला घालवा" म्हणून. त्या कोंडीत अजून चार आहेत. जुलैपर्यंत कणीवर राहतील, मग विकीन.